टापेचा ठसा

मानेकाकांना कशाचंही कारण विचारलं, की ते आधी डोळे मिटत. आठवायला म्हणून नव्हे. लांबून कुणीतरी येत असावं आणि त्याची चाहूल घ्यावी, तसे मिटत. मग डोळे न उघडताच म्हणत, "पूर्वी पागेत काय व्हायचं..."

पागा म्हणजे घोड्यांची आणि स्वारांची वस्ती. काकांचे पणजोबा की खापरपणजोबा बडोद्याच्या संस्थानी फौजेत स्वार होते. एवढं खरं. त्या स्वाराची म्हणून एक लोखंडी रिकीब, खोगिराला लटकणारी पाय ठेवायची कडी, काकांच्या घरी होती, गंजून काळी झालेली. दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून ती उंबऱ्याशी ठेवलेली असे. संस्थान गेलं, फौज गेली, घडियाळी पोळ या जुन्या शहरातल्या गल्लीतलं भाड्याचं घरही सुटलं, आणि माने कुटुंब बडोद्यातच गोत्रीला आमच्या सोसायटीत, माझ्या समोरच्या टेनामेंटमध्ये, म्हणजे अंगणाच्या बैठ्या घरात, राहायला आलं. टेम्पोतून सामान उतरत होतं तेव्हा काका ती रिकीब हातात धरून फाटकाशी उभे होते. मला वाटलं, एखादं यंत्र दुरुस्तीला निघालं आहे.

मी कॉलेजात इतिहास शिकवत असे. त्यामुळे शेजार जुळायला जितका वेळ लागला, त्याहून कमी वेळ आमचा वाद जुळायला लागला.

संध्याकाळी कडुलिंबाखालच्या सिमेंटच्या बाकावर ते येऊन बसत. अंगात पांढरा सदरा, पायजमा घोट्याच्या वर, पाय बहुधा ओले. झाडांना पाणी घालून तसेच येत. बडोद्याची ती वेळ मला अजून त्यांच्याच आवाजात आठवते. उन्हाचा कडकपणा गेलेला, कुणाच्या तरी स्वयंपाकघरातून मोहरी तडतडल्याचा वास, आणि काका सांगताहेत की दिवेलागणीनंतर नखं का काढू नयेत. तर पागेत नालबंद घोड्यांचे खूर संध्याकाळनंतर तासत नसे. अंधुक उजेडात हत्यार खोल गेलं तर घोडा महिनाभर लंगडायचा. नालबंदाच्या बायकोनं मुलांनाही तोच नियम लावला. तिचं पाहून शेजारणीनं लावला.

"आणि मग महाराष्ट्रभर पसरला?" मी विचारी.

"शेजारणींना काय लागतं सर, पसरवायला!"

"काका, पुरावा काय याला?"

"पुरावा तुम्ही शोधा. ते तुमचं खातं. आमच्याकडे नुसतं कारण मिळतं."

त्यांच्या घरात साखर, तांदूळ, तेल काहीही संपलं, तरी संपलं म्हणत नसत. शालिनीकाकू आतून हाक मारत, "अहो, साखर वाढलीय, येताना आणा." ही रीत आपल्या अनेक घरांत आहे. अभद्र बोलू नये, एवढंच तिचं कारण मला ठाऊक होतं. काकांच्या मते ती छावणीतली. तंबूबाहेर शत्रूचा हेर कान लावून बसलेला असायचा. दाणा संपला असं कुणी बोललं, तर पहाटे हल्ला ठरलेला. म्हणून हुकूम निघाला, संपलं की वाढलं म्हणायचं. हेर बिचारा जाऊन सांगायचा, त्यांच्याकडे दाणा वाढतोच आहे.

"मग घरात कुणाला फसवायचं असतं?" मी विचारलं.

काकांनी डोळे उघडले. "घरात आपल्यालाच की."

काका वीजखात्यात मीटर रीडर होते. त्यांची सगळी नोकरी जुन्या शहरातल्या पोळांमधून हिंडण्यात गेली. एकदा बोलता बोलता म्हणाले, "मीटर नेहमी घराच्या अशा कोपऱ्यात असतो सर, की तिथं पाहुणा कधी जात नाही. दारामागं, जिन्याखाली, देवघराच्या बाजूला. तिथं उभं राहिलं की माणसं काय काय करतात ते दिसतं."

काय दिसत असे? कुणी बाई चुलीत मीठ टाकताना दिसे. कुणी मोठा माणूस, बँकेतला वगैरे, बाहेर पडताना उंबऱ्याला हळूच हात लावी. कुणी मुलाच्या तळपायाला काजळ लावत असे. आणि खाकी पिशवी घेतलेला हा परका माणूस पाहतो आहे हे ध्यानात आलं, की ती माणसं ओशाळत. "आमच्या सासूबाईंचं आहे हो हे सगळं," असं काहीतरी पुटपुटत. काकांना ते ओशाळणं बघवत नसे. म्हणून पहिल्यांदा, मीटरचा आकडा उतरवता उतरवता, त्यांनी एका घरात सांगून टाकलं, "अहो, मीठ टाकतात ते बरोबरच आहे. पागेत..." आणि त्या बाईचा चेहरा मोकळा झाला. तिथून ही सवय लागली.

मला हे कळायला बरीच वर्षं लागली. तोवर मी त्यांना थापा मारण्याची हौस असलेला एक गोड म्हातारा समजत होतो.

ज्योतीबेन आमच्या सोसायटीत कोपऱ्यावर राहतात. त्यांच्या मुलाचं लग्न झालं, आणि नवी सून हेतल दुसऱ्याच दिवशी तेलाचा डबा उचलायला गेली. डबा हातातून निसटला, आणि उंबऱ्यापासून ओट्यापर्यंत तेलाचा ओहोळ गेला. तेल सांडणं म्हणजे काय हे आपल्याकडे आणि गुजरात्यांकडे सारखंच. घरात पाहुणे. ज्योतीबेनचा चेहरा उतरला. हेतल भिंतीला टेकून उभी होती. रडूही शकत नव्हती.

काका रस्त्यावरून चालले होते. थांबले. त्यांनी डोळे मिटले.

"अरे वा, बेन! आ तो बहु सरस थयुं!" त्यांनी सुरुवात केली, आणि अर्ध्या गुजरातीत, अर्ध्या मराठीत सांगितलं की पागेत नवा, जातिवंत घोडा आणला की पहिल्या दिवशी उंबऱ्यावर मुद्दाम तेल ओतत. खूर मऊ राहावेत म्हणून. ज्या दारात तेल दिसे, त्या दारात काहीतरी मोलाचं आलं आहे हे साऱ्या वस्तीला कळे.

"साचुं कहो छो, काका?"

"खोटुं शुं काम बोलुं?"

ज्योतीबेननी सुनेकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "एटले मारी वहु घोडी?"

सगळे हसले. सर्वांत आधी हेतलच हसली, आणि हसता हसता तिला रडू फुटलं. संध्याकाळी ज्योतीबेननी काकांकडे बटाट्याचा ओलसर लीलो चेवडा पाठवला. काकांनी त्यातला अर्धा मला आणून दिला.

"तेलाचं ते आत्ताच रचलंत ना?" मी विचारलं.

"त्या पोरीचं तोंड पाहिलंत का तुम्ही?"

"पाहिलं."

"मग झालं तर. चेवडा खा."

काकांच्या सगळ्या गोष्टींमध्ये एक गोष्ट मात्र वेगळी होती. ती सांगताना ते विनोद करत नसत. घरातलं माणूस गावाला निघालं, की त्याच्या पाठोपाठ केर काढू नये, ही आपली जुनी रीत. का काढू नये? काका सांगत की स्वार मोहिमेवर निघाला की दारासमोरच्या धुळीत घोड्याच्या टापेचा ठसा उमटायचा. घरच्या बायका तो मोडू द्यायच्या नाहीत. शेजारची पोरं तिथं खेळायला आली तर हाकलायच्या. पहिल्या मुक्कामावरून खुशाली येईपर्यंत अंगणाला झाडू लागत नसे. वाऱ्यानं ठसा बुजत बुजत जायचा. तो पूर्ण बुजायच्या आत निरोप यावा, असं सगळ्यांना वाटे. शालिनीकाकू नवी नवरी म्हणून आल्या तेव्हा काकांनी त्यांना पहिल्यांदा सांगितलेली गोष्ट हीच. ही गोष्ट चालली की काकू हातातलं काम थांबवत. एरवी नवऱ्याच्या बोलण्याकडे त्यांचं फारसं लक्ष नसे. "अहो, पाय पुसा!" एवढंच त्यांचं दिवसभराचं बोलणं. बागेतून चिखलाचे पाय घेऊन काका सरळ घरात येत, आणि दारातल्या कोटा फरशीवर त्यांचं पाऊल उमटलेलं असे. काकू ते पुसत. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा तिथंच असे.

त्यांचा एकुलता एक मुलगा अभय कॅनडाला गेला, तो दिवस मला आठवतो. पहाटेच टॅक्सी आली. काकूंनी त्याच्या हातावर दही घातलं. टॅक्सी वळणाआड गेली. आम्ही सगळे फाटकाशी तसेच उभे होतो, आणि काकू आत गेल्या. मी निघालो तेव्हा झाडूचा आवाज आला. काकू बाहेरच्या खोलीतला केर काढत होत्या. डोळ्यांना पाणी, पदर खोचलेला, आणि हात आपोआप चाललेले. दुःखात माणूस काहीतरी करायला शोधतो. त्यांना झाडू सापडला. कुणाच्याच ध्यानात काही आलं नाही. त्यांच्याही नाही.

हिवाळ्यात बातमी आली. बर्फावरून गाडी घसरली, अभय इस्पितळात आहे, पायाला मोठी दुखापत आहे. जिवाला धोका नाही असं त्यानंच फोनवर सांगितलं. व्हिडिओवर त्याचं तोंड दिसलं. काकूंनी ते पाहिलं, फोन काकांच्या हातात दिला आणि म्हणाल्या, "मी केर काढला होता."

त्यानंतर त्यांनी झाडू हातात घेतला नाही. कामवालीलाही घेऊ दिला नाही. जेवणावरचं मन उडालं. दुपारी ताट तसंच आत जाई. काकांनी समजावलं, रागावले. ज्या माणसानं साऱ्या शहराला कारणं पुरवली, त्याच्याकडे स्वतःच्या बायकोसाठी एकही उरलं नव्हतं.

एका दुपारी ते माझ्याकडे आले. येऊन पुस्तकांच्या कपाटासमोर उभे राहिले.

"सर, तुम्ही तिला काहीतरी सांगा."

"मी काय सांगणार?"

"असं की केर काढलेला चालतो. आईनं काढलेला चालतो. काहीही."

"काका, मी असं कुठं वाचलेलं नाही."

"ते मला ठाऊक आहे. पण माझं ती ऐकणार नाही. माझ्याबरोबर संसार केलाय तिनं, माझं सगळं कसं रचलेलं असतं ते तिला माहीत आहे. तुमचं ऐकेल. तुम्ही आजवर पुराव्याशिवाय एक वाक्य बोललेला नाहीत."

मग ते खुर्चीत बसले. बाहेर एक रिक्षा थांबली आणि गेली.

"पाठोपाठ केर का काढत नाहीत, ते खरं तुम्हाला माहीत आहे ना?" त्यांनी विचारलं.

"माहीत आहे," मी म्हणालो.

ते सगळ्यांनाच माहीत असतं. घरातून प्रेत उचललं, की मागं राहिलेल्या बायका लगेच घर झाडून धुऊन काढतात. जिवंत माणसाच्या पाठी तसं काही घडू नये, म्हणून ती रीत. त्यात ना घोडा, ना मोहीम.

"ते कुणाच्या मनात येऊ नये म्हणून मी मधे घोडा उभा केला होता," काका म्हणाले. "लहानपणी आमच्या आजीनं मला एकदा खरं कारण सांगितलं, आणि मी कित्येक दिवस घाबरून होतो. वडील कामाला निघाले की मी झाडू लपवून ठेवायचो. मग मोठा झाल्यावर मी तो ठसा रचला. चांगला रचला होता. पण तिच्या मनात तो घोडा बाजूला झाला, आणि मागचं दिसलं."

संध्याकाळी मी समोर गेलो. दार उघडंच होतं, रिकीब लावलेली. बाहेरच्या खोलीत कडुलिंबाची वाळकी पानं आली होती. फरशीवर धूळ होती, आणि तिच्यात काकांच्या फेऱ्यांची वाट पडली होती. काकू स्वयंपाकघराच्या दाराशी पाटावर बसल्या होत्या. काका मागच्या अंगणात निघून गेले. मुद्दामच गेले असावेत.

मी वर्गात बोलतो त्याच आवाजात बोललो. दुसरा आवाज मला येत नव्हता. म्हणालो, "काकू, काका तुम्हाला जे सांगतात ते अर्धंच आहे. स्वार निघाला की त्याची बायको केर काढत नसे, ते खरं. पण त्याची आई असेल, तर ती स्वतः झाडू घेई. घरापासून रस्त्यापर्यंत वाट झाडून काढी. परतताना घोड्याच्या पायात काटा जाऊ नये म्हणून. बायकोनं ठसा राखायचा, आईनं वाट राखायची. अशी वाटणी होती."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. "असं लिहिलेलं आहे?"

"आहे," मी म्हणालो.

"कुठं?"

"जुन्या कागदांत."

त्या बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिल्या. विद्यार्थ्यानं न वाचता उत्तर दिलं तर मला ते चेहऱ्यावरून कळतं. माझ्या चेहऱ्यावर त्यांना काय दिसलं ते मला माहीत नाही. मग त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या, दारामागचा झाडू घेतला आणि आतल्या खोलीपासून सुरुवात केली. उंबरा ओलांडला, ओटा झाडला, फाटकापर्यंत गेल्या. मी वाटेतून बाजूला झालो. मागच्या अंगणातून काकांनी नळ सोडल्याचा आवाज येत होता. त्या रात्री त्या नीट जेवल्याचं काकांनी मला दुसऱ्या दिवशी सांगितलं. मग डोळे मिटून म्हणाले, "वाटणी फार छान होती सर. मला सुचली नसती."

अभय बरा झाला. काही वर्षांनी परत आला, आणि अहमदाबादला नोकरीला लागला. थोडा लंगडतो. आला तेव्हा काकूंनी त्याला फाटकापासून दारापर्यंत चालताना नुसतं पाहिलं. मग माझ्या घराकडे पाहिलं.

त्यानंतर बाकावरच्या आमच्या गप्पांत मी पुरावा मागायचं सोडून दिलं. काकांना ते आवडलं नाही. "विचारा की," ते म्हणत. "तुम्ही विचारत नाही, तर सांगण्यात मजा नाही."

गेल्या चैत्रात मी त्यांना शेवटचं पाहिलं. संध्याकाळ होती. मी माझ्या ओट्यावर वाचत बसलो होतो. काका पाइप घेऊन मोगऱ्याला पाणी घालत होते. पाणी वाफ्यातून बाहेर येऊन वाहू लागलं होतं, आणि त्यांचं तिकडे लक्ष नव्हतं. पाइप हातात तसाच, डोळे मिटलेले. मला वाटलं हाक मारावी. पण चाहूल घेत असावेत असं वाटून मी मारली नाही. मग त्यांनी नळ बंद केला, चिखलाच्या पायांनीच पायरी चढली आणि आत गेले. "अहो, पाय पुसा!" आतून आवाज आला. त्यांनी काहीतरी उत्तर दिलं. ते मला ऐकू आलं नाही.

पहाटे झोपेतच ते गेले.

अभय अहमदाबादहून आला. ऊन वाढायच्या आत सगळं उरकलं. त्यांना उचललं तेव्हा दार पूर्ण उघडं राहावं म्हणून कुणीतरी ती रिकीब पायानं सरकवून भिंतीला लावली. अभय मडकं धरून पुढे चालला होता. त्याचा एक पाय जरा मागे राहत होता. माझ्या गुडघ्यांमुळे मला स्मशानापर्यंत जाता येण्यासारखं नव्हतं. मी मान्यांच्याच ओट्यावर थांबलो.

माणसं वळणाआड गेली. काकूंची एक चुलत जाऊ घडियाळी पोळातून आली होती. तिनं पदर खोचला, दारामागचा झाडू घेतला आणि हेतलला म्हणाली, "बादली भरून आण गं. आधी झाडून घेऊ, मग धुऊ."

"थांबा," काकू म्हणाल्या.

त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. आवाज मोठा नव्हता. पण सगळ्या थांबल्या.

"केर काढायचा नाही."

"अगं शालिनी, असं कसं? माणूस गेलं की..."

"मी त्यांची आई नाही. बायको आहे. बायकोनं झाडायचं नसतं." मग त्यांनी उघड्या दारातून बाहेर, माझ्याकडे पाहिलं. "सर, जुन्या कागदांत तसंच आहे ना?"

सगळ्या बायका माझ्याकडे वळल्या. जावेच्या हातात झाडू तसाच होता. काकूंच्या डोळ्यांत मला जे दिसलं, त्यावरून एक गोष्ट कळली. त्यांना तेव्हाही माहीत होतं, आणि आत्ताही माहीत होतं.

"आहे," मी म्हणालो.

जावेनं झाडू भिंतीला टेकवून ठेवला. हेतलनं हातातली बादली ओट्याच्या कडेला सरकवली आणि हळू आवाजात सासूला काहीतरी विचारलं. ज्योतीबेननी तिला तितक्याच हळू सांगितलं, "ए लोकोमां एवो रिवाज छे. बहु जूनो."

उंबऱ्याच्या आत, कोटा फरशीवर, एक पाऊल उमटलेलं होतं. आदल्या संध्याकाळचं. न पुसलेलं. माणसं आली होती, गेली होती, खांद्यावरून एवढं मोठं ओझं त्याच दारातून गेलं होतं, तरी टाच आणि अंगठा स्पष्ट दिसत होता. चिखल वाळून पांढुरका पडायला लागला होता. कुठलीही बाई आत-बाहेर करताना तेवढी जागा ओलांडून जात होती.

मी ओट्यावर बसून राहिलो. कुणी विचारलं असतं, तर मी पुरावा दाखवू शकलो असतो.